मदत हवी आहे: पाइपचा सूर हिशोबाच्या निम्माच का येतोय? (शनिवारी प्रदर्शन)

सिंहगडरोडकर
मुलीच्या शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. पीव्हीसी पाइपांवर सा रे ग म वाजवायचं ठरलंय. सा चा पाइप 50 सेंमी. ध्वनीचा वेग (सेकंदाला 343 मीटर) भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे 343 हर्ट्झ. मोबाइलवरचं ॲप 170 दाखवतंय. आठही पाइप कापून झालेत! कुठे चुकतंय, लवकर सांगा.

षड्ज
ॲप राहू द्या, तानपुऱ्याशी मिळवून बघा. कान खोटं बोलत नाही.

जुना_प्रयोगवाला
तानपुऱ्याने सूर लागेल, निम्मा का ते नाही कळणार. आतला व्यास किती? खोलीत तापमान? वाजवता कशाने?

सिंहगडरोडकर
4 सेंमी. 30 अंश. रबरी चपलेने. दोन्ही टोकं उघडीच आहेत.

जुना_प्रयोगवाला
चप्पल मारून उचलता की टेकवून ठेवता?

सिंहगडरोडकर
टेकलेलीच राहते. त्याने काय होतं?

जुना_प्रयोगवाला
तीच नळीचं टोक बंद करते. बंद टोकाशी हवा हलत नाही, त्यामुळे नळीत अर्ध्याऐवजी पाव लाट बसते. वेग भागिले लांबीची चौपट करा.

सीईटी_बॅच
बंद नळीत मूळ कंपनसंख्येचे फक्त विषम पट मिळतात: 1, 3, 5. उघड्या नळीत सगळे. परीक्षेला हमखास येतं.

वेळूवन
मग बासरीला एका बाजूला बूच असतं, ती बंद नळी का नाही? पीव्हीसी सोडा आणि मुलीला बासरीच शिकवा.

जुना_प्रयोगवाला
फुंकायचं भोक उघडं असतं, म्हणून बासरी दोन्हीकडून उघडी.

मुक्तांगणची_आई
आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत घेऊन जा तिला. आणि स्ट्रॉची पिपाणी करा. टोक चपटं करून दोन तिरके काप द्यायचे, वाजवता वाजवता कात्रीने कापत जायचं. सूर चढत जातो, पोरं हरखतात.

सिंहगडरोडकर
ताई, स्ट्रॉ नंतर. 343 भागिले 2 म्हणजे 171.5. जुळलं! पण वरचा सा 25 सेंमीचा आहे, तो 333 देतोय. उतरलेला वाटतो.

जुना_प्रयोगवाला
171.5 जुळलं ते दोन चुका एकमेकींत मुरल्या म्हणून. 30 अंशाला वेग 349 धरा. आणि हवा उघड्या टोकाबाहेरही थोडी हलते, म्हणून लांबीत व्यासाच्या 0.3 पट मिळवा, तुमच्याकडे 1.2 सेंमी. 349 भागिले (4 × 0.512), म्हणजे 170.4. हे 1.2 छोट्या पाइपलाही तेवढेच लागतात, म्हणून वरच्या सा साठी 51.2 चे निम्मे 25.6, वजा 1.2, म्हणजे 24.4 सेंमी. 6 मिमी कापा. मधल्या पाइपांचंही असंच, लांबीत 1.2 मिळवून प्रमाण काढा आणि मग वजा करा. पाइप वाया गेले नाहीत, सगळं सप्तक खाली आलंय एवढंच.

सिंहगडरोडकर
करवतीने कापला, कड पॉलिश पेपरने घासली. 341! मुलगी आता रे मोजतेय.

षड्ज
कुठल्या पट्टीत बसवताय ते सांगा तरी.