'बाउन्स' झालेला मेल : वापस, परत की नाकारलेला?

लातूर : कॉलेजच्या मेल सर्व्हरची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. पुढं बाहेरचा मेल घेऊन आत पोचवणारा रिले सर्व्हर, त्याच्या मागं खरा सर्व्हर. नसलेल्या पत्त्यावरचा मेल 'बाउन्स' होतो त्याला काय लिहावं? बोलताना आम्ही सगळे 'मेल वापस आला' म्हणतो. छापताना 'वापस' चालेल का?

परभणी : बिनधास्त लिहा. फारसीतला शब्द, निजामाच्या काळात उर्दूच्या वाटेनं आपल्याकडं मुरला. किराणावाला सुट्टे पैसेसुद्धा 'वापस'च देतो. 'अनादरित' तेवढा नको, तो न वटलेल्या धनादेशाचा.

नांदेड : वापस-परत नंतर बघू. आधी सांगा, रिलेनं मेल घेतला होता का? पाठवणारा सर्व्हर अगोदर नुसता मेल ज्याला जायचा त्याचा पत्ता सांगतो. त्याच वेळी रिलेनं '५५०, असा कुणी नाही' हा नकाराचा कोड दिला, तर मजकूर आत आलाच नाही. हा मेल 'नाकारला'. आपल्या माणसाला कळवणं आता पाठवणाऱ्या सर्व्हरचं काम. पण रिलेनं '२५०', म्हणजे 'ठीक', म्हणून मेल घेतला आणि नंतर मागच्या सर्व्हरनं ५५० दिला, तर न पोचल्याचं रिलेलाच कळवावं लागतं. बाउन्स म्हणजे हे कळवणं. दोन्हींना 'वापस' म्हटलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं, गडबड कुठं झाली?

लातूर : एवढा फरक पडतो?

नांदेड : लई पडतो. स्पॅमवाले प्रेषक म्हणून भलत्याचाच पत्ता टाकतात. रिले सगळं आत घेऊन मग कळवत बसला, की ज्यानं काही पाठवलंच नाही त्याच्या इनबॉक्सात ढीग पडतो, आणि आपला रिले काळ्या यादीत जातो. म्हणून खऱ्या पत्त्यांची यादी रिलेवरच ठेवायची. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला 'रिले रेसिपियंट मॅप्स' म्हणतात. ती रिकामी सोडली तर तुमच्या डोमेनचा कुठलाही पत्ता रिले घेतो.

बीड : त्या ढिगाला 'बॅकस्कॅटर' म्हणतात. मराठीत 'भलत्याला परत' कसं वाटतं?

परभणी : बोलायला झकास. छापताना 'बॅकस्कॅटर' ठेवा आणि शेजारी हे लिहा.

लातूर : आणि ४ नं सुरू होणारे कोड?

नांदेड : तो तात्पुरता नकार. मेल रांगेत राहतो, सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस वाट बघतो. याला 'ताटकळला' म्हणा, 'वापस' नाही.

लातूर : मग असं करतो : 'नाकारला', 'ताटकळला', आणि बाउन्सला 'परतसूचना'.

परभणी : परतसूचना म्हणजे परत येण्याची सूचना वाटते. 'न पोचल्याची चिठ्ठी' का नको?

नांदेड : चिठ्ठी आवडली. एक टीप जोडा : या चिठ्ठीत प्रेषकाची जागा रिकामी ठेवतात, नाहीतर चिठ्ठीला चिठ्ठी येत राहील.

बीड : चिठ्ठी ठीक, पण तक्त्याच्या मथळ्यात तीन शब्द बसतील का?

लातूर : रकाना रुंद करतो.