सेव्हन्थ बार कॉर्ड धरला तरी साधा मेजरच ऐकू येतो

मांडवी_सहातारी: गिटारवर एफ, बी मायनर हे बार कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी दाबून धरायचे) बरे लागतात. पण पाचव्या फ्रेटवर ए-सेव्हन (जाड सहाव्या तारेपासून फ्रेट ५-७-५-६-५-५) धरला की नुसता ए ऐकू येतो. गणपतीत सोसायटीत वाजवायचंय. सरावाला सोपं गाणं कोणतं? पाऊस सुरू झाल्यापासून हातही जास्त भरून येतो.

तालमेल: सहावीपासून एकेक तार छेडून बघा, चौथी मेलेली (न वाजणारी) सापडेल. तिच्यावर पाचव्या फ्रेटला असलेला जी, तोच तुमचा सेव्हन्थ, साध्या ए मेजरपासून ए-सेव्हनला वेगळा करणारा सूर. मेजरमध्ये तिथे करंगळी होती. ती उचलली की ती तार एकट्या तर्जनीच्या भरवशावर येते, आणि नेमकी पेराची घडी तिथेच पडते. जोर लावून काही होत नाही. तर्जनी दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवून घडी दोन तारांच्या मधे आणा, बोट नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) बाजूला किंचित कलतं करा. पाचवी आणि तिसरी तार दुसऱ्या बोटांकडे आहे, तेव्हा तिथे तर्जनी ढिली असली तरी चालतं.

सरावाला बारा बारचा ब्लूज (हा बार मापाचा, म्हणजे तालाचा एक खंड, बोटाचा नव्हे): ए-सेव्हन ४ बार, डी-सेव्हन २, ए-सेव्हन २, मग ई, डी, ए, ई एकेक, सगळे सेव्हन्थच. डी-सेव्हन पाचव्याच फ्रेटवर, सहावी तार सोडून ५-७-५-७-५. ई-सेव्हन तोच आकार, सातव्यावर. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, बारला चार स्ट्रम.

दांडियाबाजारकर: ब्लूज कानात नसेल तर कॉर्ड कुठे बदलायचा तेच कळत नाही. त्यापेक्षा वाढदिवसाचं गाणं घ्या, तीन मात्रांचं. बार असे: ए, ई-सेव्हन, ई-सेव्हन, ए, ए-सेव्हन, डी, मग सातव्या बारात दोन मात्रा ए, एक ई-सेव्हन, शेवटी ए. पाचव्या बारात नुसती करंगळी उचलायची, फरक लगेच कानाला कळतो.

डी-सेव्हनची खोड वेगळी. तिथे सेव्हन्थ तिसऱ्या तारेवर, अनामिका आणि करंगळीच्या मधे. अनामिका जरा लवंडली की ती तार गप्प. बोट टोकावर उभं ठेवा, त्या हाताची नखं कापलेली हवीत.

नट_आणि_सॅडल: हात भरून येण्यात गिटारचाही दोष असेल. आपल्याकडे वडोदऱ्याच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, पुढची फळी फुगते, ब्रिज (फळीवर तारा अडकवतात ती पट्टी) वर येतो, तारा उंचावतात. बाराव्या फ्रेटवर सहावी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा: अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, साडेतीन असेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवा. ट्रस रॉड (मानेतली सळई) स्वतः पिळत बसू नका, तो मानेच्या वाकासाठी असतो. तारा बाराच्या जाडीच्या असतील तर बारीक, दहाच्या लावा, फरक त्याच दिवशी कळेल.

मांडवी_सहातारी: चौथी तारच होती! फट तीनच्या जरा वर. करंगळी मोकळी राहते, तिचं काय करू?

तालमेल: दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट. तोच जी, एक सप्तक वर. चौथी मेली तरी सेव्हन्थ ऐकू येतो. म्हणूनच सरावात लावू नका, गणपतीच्या दिवशी लावा.