मदत हवी आहे : माजी विद्यार्थी संघाचं स्थापनावर्ष नक्की कोणतं धरायचं?

मुलांच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा इतिहास लिहितोय. इतिवृत्ताच्या पहिल्या वहीत पहिली सभा १९३६ ची, पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर (विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीतला उतारा) नोंदणी १९५४ ची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच १९५० चा, त्यामुळे त्याखालच्या 'एफ' क्रमांकाची (नोंदणी क्रमांकाची) तारीख म्हणजे स्थापना नव्हे, एवढं कळतं. पण त्याआधी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंद झाली होती का, ते कसं शोधायचं? संघाची जुनी घटना (नियमावली) आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी कुठल्या अर्जाने मिळते? मधली वीसेक वर्षं बदल अहवालच (पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) दाखल नाहीत, म्हणजे अध्यक्षांची यादी तिथून जुळणार नाही.

दुसरी अडचण तुकड्यांची. १९४८ पर्यंतचे 'मॅट्रिक', पुढे अकरावी एसएससी, आणि १९७५ ला जुनी अकरावी व नवी दहावी एकदमच. सभासद नोंदवहीत नुसतं '७५' लिहिलंय! शाळेच्या जनरल रजिस्टरमधला दाखल क्रमांक आणि शाळा सोडल्याची तारीख ताडून पाहणं हाच मार्ग, की आणखी काही सोपं आहे?

१९४१ पर्यंतचे जमाखर्च मोडीत आहेत. शाईने कागद खाल्लाय, घडीवर पानं तुटतात. लॅमिनेशन करणार नाही, सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करायचंय. पुण्यात मोडी वाचणारं कुणी, आणि पानामागे साधारण दर काय?