१९६६ ची मस्टँग, तीन गिअरांचा ऑटोमॅटिक : मागच्या ॲक्सलला कोणते गुणोत्तर लावावे?

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग कूपे आहे. २८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन, टू-बॅरल कार्बोरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे ८ इंची ॲक्सल हा कारखान्यातून निघालेला संच अजून जागच्या जागी आहे. दाराच्या कडेवरील पट्टीवर ॲक्सलचा संकेतांक ६ छापला आहे, म्हणजे गुणोत्तर २.८० असावे (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे २.८० फेरे; आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण इंजिनही जास्त फिरते). टायर १९५/७५ आर १४ आहेत.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी गाडी बाहेर निघते. त्यातला निम्मा प्रवास आय-७५ या महामार्गावर ताशी ७० मैलांनी आणि उरलेला वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या सिग्नलांमधून होतो. महामार्गावर गाडीबद्दल काहीच तक्रार नाही. सिग्नल सुटल्यावर मात्र ती इतकी जड उठते की शेजारची कुटुंबवत्सल व्हॅन सहज पुढे निघून जाते. टायमिंग, प्लग, कार्बोरेटर, कॉम्प्रेशन सर्व तपासून झाले आहे. इथले मित्र ४.११ लावण्याचा आग्रह धरतात. दुकानात ३.००, ३.२५, ३.५५, ३.८० आणि ४.११ हे सर्व संच मिळतात. इंजिनाला हात न लावता पिकअप सुधारावा आणि महामार्गावर कानठळ्याही बसू नयेत, यासाठी यांतील कोणता निवडावा?

दाते मोजा

आपण महामार्गाचा वेग सांगितलात हे फार चांगले केलेत, कारण निवड तिथूनच सुरू करावी लागते. सिग्नलपासून सुरू केली की माणूस ४.११ वर जाऊन पोहोचतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तो संच विकायला काढतो.

हिशेब सोपा आहे. ताशी मैल गुणिले ॲक्सलचे गुणोत्तर गुणिले ३३६, आणि त्याला टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. आपल्या टायरचा व्यास सुमारे २५.५ इंच येतो आणि सी-४ चा तिसरा गिअर थेट, म्हणजे १.०० आहे. ताशी ७० मैलांना २.८० वर इंजिन सुमारे २५८० आरपीएमने (मिनिटाला फेरे) फिरते, ३.०० वर २७७०, ३.२५ वर ३०००, ३.५५ वर ३२७०, ३.८० वर ३५०० आणि ४.११ वर जवळजवळ ३८००. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग, थोडा सरकतोच, त्यामुळे प्रत्यक्षात यावर आणखी शंभरेक धरावेत. या इंजिनाची कमाल ताकद, म्हणजे २०० अश्वशक्ती, ४४०० आरपीएमला मिळते. ४.११ लावून आय-७५ वर तासभर जाणे म्हणजे इंजिनाला सतत त्या टोकाच्या जवळ राबवणे होय.

उलट बाजूही पाहावी. हेच इंजिन कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) २४०० आरपीएमला देते, म्हणजे ते खालून ओढणारे इंजिन आहे आणि त्याला फार उंच फिरवण्यात मौज नाही. पहिला गिअर २.४६ असल्याने आज सुटताना एकूण गुणोत्तर (गिअर गुणिले ॲक्सल) ६.८९ मिळते, ३.२५ ने ते ८.०० होईल आणि ३.५५ ने ८.७३. ३.२५ ने चाकावरची ओढ १६ टक्क्यांनी वाढते आणि त्याच्या बदल्यात महामार्गावर साधारण ४०० आरपीएम द्यावे लागतात. ३.०० ने फरक इतका थोडा पडतो की त्यासाठी अख्खा ॲक्सल उघडण्याचे श्रम मी घेणार नाही. तीनच गिअर ठेवायचे असतील तर माझे मत ३.२५ ला आहे, त्यापुढे नाही.

मात्र टायर बदलण्याचा विचार असेल तर तो आधी करावा. व्यास एका इंचाने कमी झाला तर ३.२५ चा संच जवळजवळ ३.३८ सारखा वागेल.

जुनी चाके

वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यात तीन गिअरांची मर्यादा गृहीत धरली आहे. तीच काढून टाकली तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. फोर्डच्याच एओडी या चार गिअरांच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.४० आणि चौथा ०.६७ आहे. त्याच्यासोबत ३.५५ लावले तर ताशी ७० मैलांना इंजिन अवघ्या २२०० आरपीएमने फिरते आणि सुटताना एकूण गुणोत्तर ८.५२ मिळते. शिवाय या गिअरबॉक्सच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाची सारी ताकद थेट शाफ्टने जाते, कन्व्हर्टरमधून जात नाही, म्हणून तिथे सरकणेही नसते. २.८० तसेच ठेवून एओडी बसवणे मात्र चूक ठरेल. चौथ्यात इंजिन १७०० च्या आसपास धापा टाकील आणि गिअर कायम वर-खाली होत राहतील.

काम थोडे नाही, हे मान्य. गिअरबॉक्सला मागून आधार देणारा आडवा पट्टा, म्हणजे क्रॉसमेंबर, बदलावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते. थ्रॉटल किती उघडला ते गिअरबॉक्सला कळवणारी टीव्ही केबल अचूक लावावी लागते, कारण ती ढिली राहिली तर आतला दाब कमी पडून गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट थोड्याच दिवसांत जळतात. फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती, घेताना २८ औंस असंतुलनाची (इंजिनाचा तोल साधण्यासाठी तिच्यावर मुद्दाम ठेवलेले वजन), १६४ दातांची घ्यावी. ऐंशीच्या दशकातील ३०२ इंजिनांची प्लेट ५० औंसांची असते. ती दिसायला सारखीच असली तरी २८९ ला लावल्यावर इंजिन थरथरू लागते. माझ्या एका परिचिताच्या गाडीला एका गॅरेजने नेमकी तीच प्लेट लावली होती आणि दोन महिने सर्वजण इंजिन माउंट बदलत बसले होते.

पुणेरी पिनियन

मी निवृत्तीपूर्वी पुण्यात गिअरच्या कामात होतो. ॲक्सलमधील ज्या दातेरी जोडीने हे गुणोत्तर ठरते तिला आमच्याकडे क्राउन-पिनियन म्हणतात (क्राउन मोठे चक्र, पिनियन लहान), अमेरिकेत रिंग आणि पिनियन म्हणतात, दाते तेच. खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात असे सुचवतो.

पहिली म्हणजे आत खरोखर २.८० आहे का. साठ वर्षांत मधल्या मालकाने काय बसवले असेल ते दारावरची पट्टी सांगत नाही. पुढच्या चाकांना मागून-पुढून ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मागचे एक चाक जमिनीवर राहू द्यावे आणि दुसरे जॅक-स्टँडवर उचलावे. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते खडूची खूण करून मोजावे. साध्या डिफरन्शियलमध्ये एका चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा, म्हणून मोजलेला आकडा हेच गुणोत्तर. आपल्या पट्टीवर अक्षर नसून अंक आहे, त्यामुळे मूळ ॲक्सल लिमिटेड स्लिपचा, म्हणजे एका चाकाला एकटेच मोकळे फिरू न देणारा, नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण गिअरचा दांडा कोणत्या ठिपक्यावर ठेवता? १९६६ च्या सी-४ ला नेहमीचा ‘डी’ नसतो, दोन ठिपके असतात. मोठ्या हिरव्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये सुटते. लहान ठिपका निसरड्या रस्त्यासाठी दिलेला असून त्यावर ती थेट दुसऱ्यात सुटते. दुसरा गिअर १.४६ आहे, म्हणजे २.८० च्या जोडीने एकूण ४.०९ एवढेच उरते. लहान ठिपक्यावर चालवत राहून ४.११ लावले तरी गुणाकार करता ६.०० मिळेल, आणि हिरव्या ठिपक्यावर तर आजच ६.८९ मिळते आहे.

ॲक्सल उघडण्याची वेळ आलीच तर एक सोय आहे. ८ इंची ॲक्सलमध्ये दोन्ही अर्धशाफ्ट बाहेर ओढले आणि प्रोपेलर शाफ्ट सोडला की डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढच्या बाजूने निघतो. तो टेबलावर ठेवून पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण आणि दातांमधील मोकळीक लावता येते. दातांना रंग लावून ठसा दाताच्या मध्यावर पडतो की नाही हे पाहिल्याशिवाय गोळा परत बसवू नये. त्यात घाई केली तर डिफरन्शियल पुढे जन्मभर रडते. ३.२५ म्हणजे ३९ आणि १२ दाते. या दोन्हींना ३ ने भाग जातो, त्यामुळे ठरावीक दाते ठरावीक दातांनाच पुन्हा पुन्हा भेटतात. अशा काही संचांवर जुळणीच्या खुणा असतात आणि असतील तर त्या जुळवूनच बसवाव्यात. ३.५५ मध्ये ३९ आणि ११ आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

वुडवर्डकर

काल दोन्ही तपासण्या केल्या. शाफ्टचे पावणेतीन फेऱ्यांहून किंचित जास्त भरले, म्हणजे आत २.८० च आहे. ठिपक्याविषयी लिहिताना मात्र संकोच वाटतो. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी दांडा “पहिल्या ठिपक्यावर” ठेवायला सांगितले होते आणि तीन उन्हाळे मी लहान ठिपक्यावरच गाडी चालवत होतो. काल हिरव्यावर ठेवून वुडवर्डवर नेली. सिग्नल सुटताच गाडी अशी उठली की सौभाग्यवतींनी डॅशबोर्ड धरला.

आता ४.११ चा विषय मिटला. एओडी माझ्या वापराला जास्त वाटतो, शिवाय गाडीचा मूळ संच मोडायची इच्छा नाही. तरीही महामार्गावर चढताना थोडी अधिक ओढ हवीशी वाटतेच. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून गाडी गॅरेजमध्येच उभी असते. त्या काळात ३.२५ बसवीन. तेलाचे आणि सुरुवातीच्या वापराचे काही पथ्य आहे का?

दाते मोजा

जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेल भरावे. डिफरन्शियल साधे (लिमिटेड स्लिप नसलेले) असल्याने तेलात वेगळे मिश्रण घालावे लागत नाही. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे शांतपणे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, असे दोन-तीनदा करावे आणि पहिले ५०० मैल ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. गिअरबॉक्सच्या शेपटाशी असलेला स्पीडोमीटरचा छोटा गिअरही त्याच वेळी बदलून घ्यावा, नाहीतर प्रत्यक्षात ६० मैलांनी जात असताना काटा ७० दाखवील आणि आय-७५ वर मागचे सर्वजण हॉर्न वाजवतील.