ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ (जुना घरगुती संगणक) : तीन इंची डिस्क वाचली जात नाही

प्रश्न : ‘कॅट’ ही डिस्कवरील फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिल्यावर मोटरचा आवाज येतो, परंतु पडद्यावर ‘डिस्क मिसिंग’ असा संदेश दिसतो, दोष कशात असावा?

उत्तर १ : मोटर चालूनही डिस्क फिरत नसावी. या ड्राइव्हमध्ये मोटरची गती रबरी पट्ट्यामार्फत डिस्कपर्यंत पोहोचते आणि १९८५ साली बाजारात आलेल्या या यंत्रातील मूळ पट्टा आता सैल पडलेला किंवा विरघळून चिकट झालेला आढळतो, म्हणून प्रथम तोच बदलावा. मात्र पुलीवरील काळा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवा पट्टा चढवू नये.

उत्तर २ : सहमत. नंतर डिस्क फिरण्याचा वेग मिनिटाला ३०० फेरे आहे का, हे तपासावे. या डिस्क आता दुर्मिळ असल्याने पहिली चाचणी कृपया कमी महत्त्वाच्या डिस्कवरच घ्यावी.