मदत हवी आहे: रामोजी फिल्म सिटीत आत फिरायचं कसं? लवकर सांगा

कापूसवाला_केळापूर:
आम्ही सगळे हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला जायचं ठरवून राहिलो. वेबसाइटवरचा नकाशा उलटसुलट करून पाहिला, काही समजून नाही राहिलं. युरेका कुठे, बाहुबलीचा सेट कुठे, पक्षी कुठे? सुरुवात कुठून करायची? गाडी आतपर्यंत जाते का? एका दिवसात होतं का? मंगळवारपर्यंत तिकिटं काढायची आहेत. ज्याला माहीत आहे त्यानेच लिहा.

वणीची_ताई:
भाऊ, "सगळे" म्हणजे किती जण? म्हातारे किती, लेकरं किती? मुक्काम आहे की त्याच दिवशी परत? याच्यावरच सगळं ठरते.

स्टेअरिंग४४:
तुमच्या पांढरकवड्याहून सरळ ४४ नंबरचा हायवे धरा. आदिलाबाद, निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, मेडचल. मेडचलच्या पुढे कंडलाकोयाला आउटर रिंग रोडवर चढा, हैदराबाद शहरात शिरूच नका. रिंग रोडवर शमीरपेट, घटकेसरची पाटी पकडायची. पाटणचेरू, गच्चीबावलीची पाटी दिसली की समजा उलट्या दिशेने चालले. पेद्दा अंबरपेटला उतरायचं आणि विजयवाड्याच्या दिशेने ६५ नंबरचा हायवे. तिथून थोडंच पुढे रामोजीची कमान. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, नाही तर टोल जास्त जातो. रिंग रोडचा टोल उतरताना कटतो, किती अंतर गेले त्यावर.

कापूसवाला_केळापूर:
दादा, रस्ता विचारलाच नाही. ड्रायव्हर आहे. आतलं सांगा, आतलं.

गुरुजी_घाटंजी:
नकाशा बाजूला ठेवा. जागा १,६६६ एकर आहे, पायी सगळी फिरून होत नाही. पार्किंग आणि तिकीट खिडकी गेटजवळ. तिथून पुढे आपली गाडी नेऊ देत नाहीत, त्यांचीच बस आत युरेकाला, म्हणजे खेळ आणि खाण्याच्या मुख्य भागात, नेऊन सोडते.

आता डोक्यात दोनच भाग धरा. पहिला, युरेका आणि त्याच्या आसपासचं. इथे पायी फिरायचं. वाइल्ड वेस्ट स्टंट शो, स्पिरिट ऑफ रामोजी, मूव्ही मॅजिक, लेकरांचं फंडुस्तान, बोरासुराचा भीतीचा खेळ. दुसरा भाग सेट आणि बागांचा: हवा महल, प्रिन्सेस स्ट्रीट, मुघल गार्डन, कृपालू गुहा, भागवतम्‌चा सेट, बाहुबलीची माहिष्मती, पक्षी उद्यान, फुलपाखरू उद्यान. इथे त्यांच्या लाल बसनेच जायचं. बसमध्ये गाइड असतो, काही ठिकाणं बसूनच दाखवतो, काही ठिकाणी उतरवतो.

गडबड होते ती उतरल्यावर. लोक पिशवी सीटवर ठेवून जातात. पाहून झाल्यावर तीच बस परत येईल असं नाही, जी येईल तिच्यात बसायचं असतं. म्हणून औषध, पाणी, पिशवी अंगावरच. आणि मोठा गट असेल तर एका बसमध्ये सगळ्यांना जागा मिळत नाही. आधीच ठरवून ठेवा: मागे राहिलेल्यांनी पुढच्या बसने यायचं, पुढे गेलेल्यांनी पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच उभं राहायचं, उलट शोधत यायचं नाही.

एक महत्त्वाचं. आत खरंच शूटिंग चालू असते. शूटिंग लागलं की एखादा सेट बंद राहतो आणि बसचा मार्ग बदलतो. त्यामुळे नेटवर "आधी हे, मग ते" असे जे क्रम फिरतात ते त्या दिवशी लागू पडतीलच असं नाही. क्रम पाठ करण्यापेक्षा युरेकात पोचल्याबरोबर शोच्या वेळांच्या पाटीचा फोटो काढा आणि त्या वेळांच्या मधल्या फटीत बाकीचं बसवा. एक खेळ चुकला की पुढच्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं.

मुंबईचा_उमरखेडकर:
एवढं करण्यापेक्षा इमॅजिकाला जा ना. खोपोलीला आहे, राइड्सच्या बाबतीत रामोजी त्याच्यासमोर काहीच नाही. आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे.

वणीची_ताई:
केळापूरच्या माणसाला आधी समृद्धीवर चढायलाच वर्ध्याकडे जावं लागते, आणि आमण्याहून खोपोली पुन्हा वेगळी. हैदराबाद त्यापेक्षा अर्ध्या अंतरावर आहे. शिवाय मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, लहान लेकरं खाली उभी राहतात. विचारलं रामोजीचं आहे, त्याचंच बोला.

कापूसवाला_केळापूर:
गुरुजी, हे पाहिजे होतं. आम्ही तेरा जण, त्यात पाच लेकरं, आई-बाबा आहेत, आईचे गुडघे दुखतात. गावातली क्रूझर भाड्याने केली. रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, दिवसभर पाहून रात्री परत. आधी सेट की आधी युरेका?

गुरुजी_घाटंजी:
आधी सेट. नऊला उघडते, तेव्हा तुम्ही खिडकीशी उभे पाहिजे. ऊन चढायच्या आत बसचा फेरा करा. सेटची शेवटची बस बंद व्हायच्या वेळेच्या बरीच आधी निघते, ती चुकली की बाहुबली राहून गेला.

वणीची_ताई:
मला हे पटत नाही गुरुजी. उघडल्याबरोबर सगळेच बसच्या रांगेत लागतात, लेकरं तिथेच रडकुंडीला येतात. लेकरं ताजी असतात तेव्हा फंडुस्तान उरकून घ्यावं, पहिला स्टंट शो पाहावा, मग बस.

गुरुजी_घाटंजी:
पाच-सहा जणांना ते जमेल. तेरा जणांत नाही. लेकरं एकदा फंडुस्तानात शिरली की जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर निघत नाहीत, आणि नेमके त्याच वेळी बाकीचे गट बसकडे वळतात. आईसाठीही सकाळच बरी, कारण फेऱ्यात चढ-उतार होते. दुपारी त्यांना युरेकात सावलीत बसवता येते, खाणं आणि स्वच्छतागृह दोन्ही जवळ. हरवलं कोणी तर भेटायची जागाही तीच ठेवा. आत ज्याला विचाराल तो युरेका दाखवतो.

वणीची_ताई:
गुडघ्याचं असेल तर तुमचंच बरोबर, सकाळीच सेट करा. पण मग स्टंट शोला वेळेच्या आधी जाऊन बसा. उशिरा गेलं तर तेरा जागा एका ओळीत मिळत नाहीत. आणि शिदोरी आत नेऊ देत नाहीत, पोळ्या-ठेचा गाडीतच ठेवा. संध्याकाळी निघताना पार्किंगमध्ये खाता येईल.

रेल्वेप्रेमी_बल्लारशा:
रात्रभर क्रूझरमध्ये बसून दिवसभर कोणी पाहू शकते का? बल्लारशाहून काझीपेटमार्गे रेल्वेने जा. गाडी सिकंदराबादला जाते की चर्लापल्लीला, ते तिकिटावर पाहा. चर्लापल्ली टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं आणि रामोजी तिथून जवळ पडते. शहरात उतरलात तर मेट्रोने एल. बी. नगरपर्यंत, तो लाल मार्गाचा शेवटचा थांबा, आणि पुढे हयातनगरकडची सिटी बस. ज्युबिली बसस्थानकावरून येत असाल तर हिरव्या मार्गाने एमजीबीएस (महात्मा गांधी बसस्थानक), तिथे लाल मार्ग पकडायचा.

स्टेअरिंग४४:
तेरा जण, आई-बाबा, पाच लेकरं आणि मेट्रो बदलायची? क्रूझरच बरी. पण ड्रायव्हरच्या झोपेचं त्यांचं बरोबर आहे. आत तुम्ही दिवसभर असाल तेव्हा त्याला पार्किंगमध्ये झोपू द्या, फोन करू नका. रात्री लगेच परत न निघता हयातनगरला हायवेवर लॉज पाहून मुक्काम करा. आणि नंबरप्लेट कोणती आहे? पिवळी असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, हे मालकाला आत्ताच विचारा. फक्त महाराष्ट्राचं असेल तर पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरल्यावर अडकाल. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने चालवताच येत नाही.

चारमिनार_पाहणारा:
हैदराबादही पाहणार असाल तर सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असते, झू सोमवारी. बाकी दिवशी जा.

वणीची_ताई:
तारीख तर सांगितलीच नाही तुम्ही.

कापूसवाला_केळापूर:
संक्रांतीच्या आधीचा शनिवार. लेकरांना सुटी आहे.

स्टेअरिंग४४:
तारीख बदला! तेलुगू लोकांचा संक्रांत हा सगळ्यात मोठा सण. दोन-तीन दिवस आधी अख्खं हैदराबाद आंध्रातल्या आपल्या गावी निघते, आणि तो रस्ता हाच, विजयवाड्याचा ६५ नंबर. रामोजी त्याच्यावरच आहे. पुढच्या पंतंगी टोलची रांग मागे मागे येते. पेद्दा अंबरपेटपासून पुढचे काही किलोमीटर तासाचे होतात. सण झाल्यावर हीच गर्दी उलटी येते, म्हणजे परतताना अडकाल.

गुरुजी_घाटंजी:
स्टेअरिंगचं बरोबर आहे. त्यात हिवाळ्यात तिथे उत्सव असतो, आतही गर्दी. २० जानेवारीनंतरचा मंगळवार किंवा बुधवार धरा. शाळेला एक दिवस अर्ज द्या.

कापूसवाला_केळापूर:
मास्तर सुटी देतील, पण मालक म्हणते क्रूझर २६ नंतरच रिकामी. प्लेट पिवळी आहे. परमिट विचारून उद्या सांगतो.

स्टेअरिंग४४:
२६ नंतर चालेल, तोवर रस्ता मोकळा होतो. परमिटचा कागद स्वतः पाहा, तोंडी ऐकू नका. वैधतेची तारीख त्यावर असते.

पुसदचा_नवा:
आम्ही चौघं बाइकने जाणार आहोत, रिंग रोड चालतो का?

स्टेअरिंग४४:
नाही. रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे. तुम्ही नांदेडकडून येणार, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.