अरबीतून इंग्लिश ट्रान्सलेटर कुठे शोधायचा?

हळदवाला_सांगली: मंडळी, मी हळद पावडर ऑनलाइन विकतो, आता जेद्दाहच्या एका गिऱ्हाइकाचे मेल यायला लागलेत ते सगळे अरबीत, गूगलवर टाकून कळतं तेवढं कळतं पण परवा त्याने १२ पानी ॲग्रीमेंटच पाठवलंय, सही कशी करू? चांगला प्रोफेशनल माणूस कसा निवडायचा?

दुबईकर_भाऊ: गूगलच्या भरवशावर सही नको राव. प्रोझ डॉट कॉम ही ट्रान्सलेटर शोधायची साइट आहे, तिथे अरबी-इंग्लिश जोडी टाका, विषय लीगल निवडा, दोन-तीन जणांकडून एकच पान करून घ्या, पैसे देऊन हां, फुकटात नाही. इकडे यूएईत कोर्टात कागद लावायचा तर मिनिस्ट्री ऑफ जस्टिसचं लायसन्स असलेलाच ट्रान्सलेटर लागतो, पण तुम्हाला फक्त समजून घ्यायचंय तर एवढं काही नको.

शब्दमोजणी: रेट बहुतेक शब्दावर असतो, तर अरबी शब्द मोजणार की इंग्लिश ते आधीच विचारा, कारण अरबीत 'आणि', 'साठी' वगैरे पुढच्या शब्दालाच चिकटतं, इंग्लिशमध्ये ते सुटं होतं आणि बिल फुगतं. आकडे मात्र स्वतः बघा, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका!! मी एकदा २५ पोती २० वाचली होती.

हळदवाला_सांगली: आयला, पेमेंटची मुदत मी ३० दिवस वाचलीये 😅 थांबा, परत बघतो